मराठवाड्यातल्या घराची वंशावळ कशी शोधायची: आत्यापासून खासऱ्यापर्यंत आणि शेवटी डीएनए

२०२३ ला मराठा आरक्षणासाठी नेमलेल्या शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि खासरा पत्रक, गाव नमुना १४, प्रवेश निर्गम ही नावं आपल्याकडं घराघरात पोचली. पण बहुतेक जण जातीच्या दाखल्यापुरती एक नोंद शोधतात, ती सापडली की फाईल बंद. हा लेख ज्यांना आपलं अख्खं घर माहीत करून घ्यायचंय त्यांच्यासाठी आहे, म्हणजे पणजोबा या गावात कुठून आले, त्यांना भाऊ किती, आजीचं माहेर कुठलं, तिची आई कुठली. मी आमच्या घराचं हे काम केलंय आणि कुठल्या ऑफिसात काय मागायचं हे सांगणारं कुणी नसलं की माणूस किती भटकतो ते बघितलंय, म्हणून क्रमानं लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडच्या वंशावळीत बायका नसतात. तहसीलला द्यायच्या शपथपत्रातली वंशावळ बघा, बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. निम्मं घर तिथंच गायब होतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी बायकोचं नाव, तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि भावाचं नाव असे रकाने करा. रिकामे राहिले तरी चालतील पण रकाने पाहिजेत, कारण रकाना असला की विचारलं जातं.

१. कागदाच्या आधी माणसं

कागद कुठं जात नाहीत, माणसं जातात. म्हणून घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आधी गाठा, आणि शक्यतो आत्याकडं आधी जा. आत्याला माहेरचं सगळं पाठ असतं, कोण कुणाला दिली, कुणाचं दुसरं लग्न झालं, कोण दत्तक गेलं, कोण घरजावई म्हणून राहिला. चुलत्यांना जमिनीचा इतिहास माहीत असतो, आत्यांना माणसांचा.

"आपली वंशावळ सांगा" असं विचारलं तर कुणाला काही आठवत नाही. लग्नं विचारा. तुमच्या लग्नात मामा म्हणून कोण उभं होतं, वऱ्हाड कुठून आलं होतं, बैलगाडीनं का एसटीनं, तेव्हा आजा होता का. साल आठवत नसलं तर रझाकाराच्या आधी का नंतर, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर असं विचारा, लगेच उत्तर येतं. कुलदैवत, देवक, देवघरातले टाक कुणाकडं आहेत आणि दसऱ्याला नैवेद्य कुठल्या वाड्यात जातो हे पण लिहून घ्या. कुलदैवत लांबचं असलं तर घर तिकडून आलेलं असण्याचा धागा मिळतो, पुरावा नाही, धागा.

सगळ्यात मोठी अडचण इथंच येते. जुनी नावं विचारायला लागलात की भावकीला वाटतं हा वाटणी मागायला आला, आणि आत्याकडं गेलात तर भावांना वाटतं हा बहिणीचा हिस्सा काढायला निघालाय. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की जमिनीचा विषय नाही, आणि गट नंबर, क्षेत्र, कुणाच्या नावावर किती हे त्या भेटीत अजिबात काढू नका. मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं असलं तर विचारून करा.

२. जवळ काय काय ठेवायचं

- स्वतःचं आधार, आणि वडिलांशी-आजोबांशी नातं दाखवणारा एखादा कागद (टीसी, रेशन कार्ड, मृत्यू दाखला)
- आत्ताचा सातबारा आणि ८अ, जमीन विकली असली तर जुना कुठलाही उतारा
- गावाचं नाव जुन्या तालुक्या-जिल्ह्यासकट
- जुना सर्वे नंबर, नुसता गट नंबर नको (का ते पुढं सांगतो)
- नावांची यादी, प्रत्येक नावाच्या सगळ्या रूपांसकट: गोविंद, गोविंदा, गोविंदराव, गोंदा
- दोनशे पानी वही, पेन, कोर्ट फी स्टॅम्प, आणि मोबाईल पूर्ण चार्ज

३. तुमचं गाव तेव्हा कुठल्या जिल्ह्यात होतं?

हे न बघता लोक चुकीच्या रेकॉर्ड रूमला हेलपाटे मारतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, नंतर हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. निजामाच्या काळात मराठवाड्याचे जिल्हे पाचच होते, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. जालना १९८१ ला झाला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला. म्हणजे जालन्याचा जुना कागद संभाजीनगरला, हिंगोलीचा परभणीला, लातूरचा धाराशिवला असू शकतो. परतूर तर आधी परभणीत होतं.

त्याहून अवघड म्हणजे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादेत. या भागातल्यांनी बीदर आणि आदिलाबाद डोक्यात ठेवूनच कामाला लागायचं. अंबाजोगाई जुन्या कागदात मोमिनाबाद म्हणून सापडेल.

किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पडलेली गावं आणि जायकवाडी धरणाच्या नाथसागरात गेलेली गावं दुसरीकडं वसली, तिथं जुनं गावठाण आणि नवं गाव दोन्हीची नावं लिहा. आणि १९४७-४८ ला रझाकारांच्या त्रासानं बरीच घरं सरहद्दीपलीकडं सोलापूर-बार्शी किंवा उमरखेड-पुसदकडं गेली होती. त्या दोन वर्षांत जन्मलेल्या माणसाची नोंद आपल्या गावात नाही म्हणून थांबू नका, तिकडं बघा.

४. शाळा आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी

सगळ्यात सोपं इथं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तरांना अर्ज देऊन आजोबांचा, चुलत आजोबांचा प्रवेश निर्गम उतारा मागा. नुसती टीसी घेऊ नका, रजिस्टरचं पान बघायला मागा, कारण त्याच पानावर त्याच वर्षी दाखल झालेली भावकीतली दुसरी पोरं सापडतात.

जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून असतो, मास्तरांनी शाळेत घालताना अंदाजानं टाकलेला. वय दोन-तीन वर्षं मागंपुढं धरा. आडनाव पण बऱ्याच घरात शाळेत घालतानाच पक्कं झालंय, त्याच्या आधीच्या कागदात आडनाव नसतंच, म्हणून पाटील, देशमुख, कुलकर्णी अशा आडनावावरून नातं लावत बसू नका, ती वतनं होती आणि दर गावात वेगळं घर.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. इथं मृत्यूची नोंद जास्त कामाची, वय आणि बापाचं नाव दोन्ही हाती लागतं. जिल्ह्याच्या वेबसाईटवर स्कॅन केलेल्या नोंदी टाकल्यात का ते आधी बघा, एखादी फेरी वाचते.

५. तहसील आणि मोजणी ऑफिस

आता मुख्य काम. मराठवाड्यात सातबारा हा नंतर आला, त्याच्या आधी १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे कुठली जमीन कुणाची आणि कसतो कोण याची नोंद. वंशावळ शोधणाऱ्याला हा कागद म्हणजे दरवाजा आहे, कारण तो निजामाचा काळ आणि आपला काळ यांच्या मधोमध उभा आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा, गाव आणि सर्वे नंबर टाकून.

अडचण अशी की आपल्याला गट नंबर माहीत असतो, खासऱ्यात सर्वे नंबर असतो. एकत्रीकरणात सर्वे नंबरांचे गट झाले, त्यामुळं कुठला सर्वे कुठल्या गटात गेला हे सांगणारा एकत्रीकरणाचा उतारा मोजणी ऑफिसातून, म्हणजे उपअधीक्षक भूमी अभिलेखकडून आधी काढायचा. तो नसला तर कक्षातला माणूस म्हणतो "नोंद आढळत नाही" आणि तुम्ही खरं धरून घरी येता.

खासऱ्याचं पान हातात आलं की घाई करू नका. लांबडं पान असतं, कडा कसर लागून जाळीदार झालेल्या, रकान्यात जमिनीचा मालक एकीकडं आणि प्रत्यक्ष कसणारा दुसरीकडं. "रामा वल्द गोविंदा" एवढंच नाव, आणि त्याच्या खालीवर त्याच शिवारातले शेजारी. ते शेजारी पण उतरवून घ्या. भावाभावांची वाटणी झालेली असली तर लागून असलेल्या नंबरात त्याच बापाचं नाव लावलेला दुसरा माणूस दिसतो, आणि असा पणजोबाचा विसरलेला भाऊ सापडतो. आमच्याकडं एक अख्खी शाखा अशीच मिळाली, दोन नंबर सोडून.

जमीन नसलेल्या घरांनी निराश होऊ नका. कसणाऱ्याचा रकाना बघा, १९५० च्या हैदराबाद कुळ कायद्याखालच्या कूळ नोंदवह्या बघा, गावकीची इनामं असलेल्या घरांनी इनामाचे कागद मागा. गाव जहागिरीत होतं का ते पण विचारा, जहागिरी १९४९ ला खालसा झाल्या आणि त्या गावांचे त्याआधीचे कागद सरकारी गावांसारखे एका जागी सापडत नाहीत.

मोजणी ऑफिसात सेतवार, वसूल बाकी, क्लासर रजिस्टर मागा. ही जुन्या मोजणीची आणि साऱ्याची रजिस्टरं, बरीचशी उर्दूत. नकार मिळाला तर भांडू नका, लेखी मागा, आणि तोंडीच टोलवायला लागले तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, त्याची फी दहा रुपये आहे. अर्जात "माझ्या पूर्वजांची सगळी माहिती" असं लिहिलं तर तो परत येतो, गाव, सर्वे नंबर, साल आणि कागदाचं नाव लिहा.

ऑफिसच्या बाहेर "नोंद काढून देतो" म्हणणारे भेटतील. पैसे देऊ नका, घरचा अस्सल कागद तर कुणाच्याच हातात देऊ नका. एखाद्या नोंदीत शाई वेगळी, अक्षर वेगळं, ओळीच्या वर घुसवलेलं नाव दिसलं तर ती नोंद वंशावळीत घेऊ नका, दुसरा कागद तेच सांगत असेल तरच घ्या.

६. उर्दू, मोडी आणि फसली सन

निजामाच्या दरबारी आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू चालायची, गावपातळीवर मोडी. त्यामुळं एकाच घराचे कागद काही फारसीत, काही उर्दूत, काही मोडीत असतात. मोडी चार-सहा महिन्यांत वाचता येते, शिका. उर्दूसाठी गावातले जुने उर्दू शाळेचे मास्तर, वकिलांकडचे जुने कारकून यांना विचारा, हाताचं शिकस्ता अक्षर वाचणारा माणूस लागतो, नुसतं छापील उर्दू येणारा नाही.

हे शब्द पाठ असले की अर्धा कागद कळतो: वल्द किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको, साकीन म्हणजे राहणार, कौम म्हणजे जात, फौत म्हणजे मयत. मुसलमान घरात कुर्सीनामा किंवा शजरा नावाचा वंशवृक्ष जपलेला असतो, वक्फच्या जमिनी असल्या तर मुन्तखबमध्ये, म्हणजे निजामाच्या काळातल्या इनामाच्या कागदात पण पिढ्या सापडतात.

सन फसलीत, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षात असतो. फसलीत ५९० मिळवा. १३४५ फसली म्हणजे १९३५-३६, कारण वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९०, पुढच्या महिन्यांची असेल तर ५९१. शके असेल तर ७८. हिजरीला असा ठरावीक आकडा चालत नाही, ते चांद्रवर्ष आहे, कॅलेंडर बदलून देणारं ॲप वापरा. सन कुठला हे न बघता गणित केलं की बाप मुलापेक्षा लहान निघतो.

७. आजीचं माहेर

ज्यासाठी एवढं लिहायला बसलो तो हा भाग. बायकांची नावं कागदात नाहीत असं म्हणतात ते पूर्ण खरं नाही, ती वेगळ्या कागदात आहेत.

पहिला कागद फौतीचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. माणूस वारला की वारसांची नोंद होते, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फौतीत मुलींची नावं यायला लागली, बऱ्याचदा सासरच्या नावानं आणि गावासकट. दुसरा कागद हक्कसोडपत्र. बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडला त्याच्यावर त्यांची पूर्ण नावं, नवऱ्याचं नाव, वय, राहणार कुठं, आणि खाली अंगठे. तो कागद काढताना त्या बायांना काय वाटलं असेल ते वेगळं, पण आज त्यांचा पत्ता सांगणारा तोच कागद आहे.

म्हणजे आजीचं माहेर शोधायचं तर आजीच्या गावात नाही, तिच्या भावांच्या गावात जायचं आणि तिच्या बापाची फौती काढायची. तिथं आजीचं नाव वेगळं असेल, कारण सासरी नाव बदललेलं असायचं. आमची आजी सासरी गंगूबाई, माहेरच्या फेरफारात सोनाबाई. नवऱ्याच्या नावावरून आणि आमच्या गावाच्या नावावरून ओळख पटली. म्हणून आत्याला आधीच विचारून ठेवा, आईला मामा काय म्हणून हाक मारायचा?

जुन्या लग्नपत्रिका, माहेरच्या भांड्यांवर कोरलेली नावं, बारशाच्या वाटीवरचं नाव, हे पण फोटो काढून ठेवा.

८. तीर्थक्षेत्र, भाट, मठ, चर्च

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, पंढरपूर, गया, प्रयाग, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांकडं नामावळ्या असतात, गाव आणि कुळ सांगितलं की पान काढून देतात, कोण कुणासोबत कधी आलं ते. बायकांची नावं इथंही मिळतात. हरिद्वारच्या बऱ्याच वह्यांचं मायक्रोफिल्मिंग झालेलं आहे आणि तीर्थक्षेत्रांच्या नोंदींचा संग्रह फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाईटवर फुकट बघता येतो, पण पानं शोधायला सोपी नाहीत. गावात वंशावळ सांगणारा भाट येत असेल, कर्नाटकाकडच्या गावांत हेळवी येत असतील, तर ते आले की घरी बसवून ऐका आणि लिहून घ्या, मात्र अगदी वरच्या पिढ्या सांगतात त्या परंपरा म्हणून वेगळ्या ठेवा. लिंगायत घरांनी मठात विचारावं. ख्रिस्ती घरांना बाप्तिस्म्याची रजिस्टरं आहेत, जालन्याजवळ मिशनरी नारायण शेषाद्रींनी बेथेल गाव वसवलं ते एकोणिसाव्या शतकात, म्हणजे तिथली परंपरा जुनी आहे.

९. डीएनए सगळ्यात शेवटी

आधी तीन-चार पिढ्यांचा कागद, मग डीएनए. नातेवाईक म्हणून एखादं नाव जुळलं तरी तुमच्याकडं झाड नसलं तर तो कुठल्या फांदीचा ते कळणार नाही.

टेस्ट तीन प्रकारची. ऑटोसोमल म्हणजे आई-बाप दोन्हीकडची, पहिल्यांदा हीच करा. यात आजोबा सख्खे भाऊ असतील तर तुम्ही दोघं जुळताच, पणजोबा भाऊ असतील तर साधारण दहातले नऊ जुळतात, खापरपणजोबा भाऊ असतील तर निम्मेच. म्हणजे नाव जुळलं नाही म्हणून नातं नाही असं होत नाही. वाय डीएनए बापाकडून मुलाकडं जातो, फक्त पुरुषांची होते, दोन भावक्या मूळ एक का हे बघायला उपयोगाची. मायटोकॉन्ड्रिअल आईकडून लेकरांकडं जाते. वडिलांची आई, म्हणजे आजी नसली तर तिची ही रेषा तुमच्या वडिलांत आणि आत्यात असते, तुमच्यात नाही, तुमच्यात तुमच्या आईची आहे. म्हणून परत आत्याच.

कुणाची टेस्ट करायची? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची. तुमच्यात आजीचा साधारण पाव हिस्साच आलाय, आत्यात निम्मा आहे. म्हाताऱ्या माणसाला नळीभर थुंकी निघत नाही, गालाच्या आतून काडी फिरवायचं किट घ्या, आणि अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री काही नको, चूळ भरायला सांगा.

कंपनी निवडताना भारतात किट येतं का, सॅम्पल परत पाठवता येतं का, मूळ डेटाची फाईल डाउनलोड करता येते का, अकाउंट आणि सॅम्पल दोन्ही नष्ट करायचा पर्याय आहे का एवढं बघा. ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी डीएनए कंपनीकडून २०२३ ला जवळपास ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ ला त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, म्हणजे कंपनी मोठी आहे म्हणून डेटा सुरक्षित असं धरू नका. टोपणनावानं अकाउंट काढा.

आता आपल्याकडची खास गोष्ट, जी परदेशातले व्हिडिओ बघून कळत नाही. ते सांगतात सख्खा चुलतभाऊ सरासरी ८५० सेंटिमॉर्गन (जुळलेला डीएनए मोजायचं माप), आजोबा भाऊ असले की २३०, पणजोबा भाऊ असले की ७३. आपल्याकडं शेकडो वर्षं जातीत लग्नं आणि त्यात मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न. त्यामुळं दोन माणसं दोन-तीन वाटांनी नात्यात असतात आणि आकडा फुगतो, लांबचा माणूस जवळचा दिसतो. एकूण आकड्यावर जाऊ नका, सगळ्यात लांब सलग तुकडा केवढा आहे ते बघा. बारीक बारीक तुकड्यांची बेरीज असेल तर ते जातीतलं जुनं सामायिक रक्त, एक-दोन मोठे तुकडे असतील तर जवळचं नातं. झाडात अशी लग्नं दोन रेषांनी दाखवा.

टक्केवारीचा रंगीत नकाशा येतो, त्यात अडकू नका. कंपनी तिच्याकडच्या नमुन्यांशी तुलना करते, आपल्या भागातले नमुने थोडे, कंपनीनं हिशोब बदलला की तुमचे आकडे बदलतात. आणि डीएनएवरून जात कळत नाही, जात पडताळणीला हा रिपोर्ट चालत नाही, तिथं कागदच लागतात. वारसाच्या कोर्टकेसमध्येही घरी मागवलेली टेस्ट चालत नाही.

टेस्टच्या आधी त्या माणसाला समजेल असं सांगा की यातून न माहीत असलेलं काही निघू शकतं, एखादा भाऊ सख्खा नसेल, एखादं मूल दत्तक असेल. तरी हो म्हणाले तर लेखी घ्या. असं काही निघालं तर ते ज्याचं आहे त्यालाच आधी सांगा, एकट्याला, घरच्या ग्रुपवर कधीच नाही. लहान पोरांची टेस्ट करू नका.

१०. लिहून ठेवायची पद्धत

प्रत्येक नावाखाली तीनच खुणा ठेवा: कागदावर सापडलं, दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलं, एकानंच सांगितलं. पुढं कुणी वाचेल तर त्याला कळेल कशावर किती भार टाकायचा. नकलेच्या मागं कुठल्या ऑफिसातून, कधी, रजिस्टर नंबर काय हे पेन्सिलनं लिहा. जुने कागद लॅमिनेट करू नका, सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात ठेवा, स्कॅन ३०० डीपीआयच्या वर करा आणि फाईलला गाव-सर्वे-साल असं नाव द्या.

जिवंत माणसांच्या तारखा आणि डीएनएची फाईल सोडून बाकी झाडाची छापील प्रत आत्याच्या घरी, मामाच्या घरी, चुलत्याच्या घरी एकेक द्या आणि समासात मोकळी जागा ठेवा. ते वाचतात, भांडतात, "ही आमची नाही, ही तिची सवत" म्हणून पेनानं दुरुस्त करतात. ती दुरुस्त केलेली प्रत परत मागून घ्या आणि तिथून पुढचा अर्ज लिहायला घ्या.